अडचण कोणाची?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०, यशया ५६:३–५



आमच्या शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांच्या वर्गासाठी प्रश्नपेटी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पेटी म्हणजे पत्र्याचा एक डबा, वर झाकणाला फट पाडलेली, एवढेच. मुलांनी मनात आलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहावा, नाव घालू नये, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी शिक्षकाने चिठ्ठ्या उघडून उत्तरे द्यावीत. बहुतेक प्रश्न ठरावीक असतात. काइनाला बायको कोठून मिळाली? सिनेमा पाहणे पाप आहे काय? परीक्षेच्या दिवशी प्रार्थना केली तर अभ्यास कमी केला तरी चालेल काय?

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील शेवटच्या रविवारी आम्ही पेटी उघडली. पहिल्या दोन चिठ्ठ्यांना उत्तरे दिली. तिसरी उघडली आणि मनातल्या मनात वाचली. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा, निळी शाई, अक्षर नीटनेटके. लिहिणाऱ्याने विचारले होते की, मला मुलींविषयी ओढ वाटत नाही, मुलांविषयी वाटते. मी पुष्कळ प्रार्थना केली, तरी ते जात नाही. तर देव मला आपल्या मंडळीत ठेवील काय?

आम्ही ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि चौथी उघडली. ती नोहाच्या तारवाविषयी होती. तिचे उत्तर आम्ही नेहमीपेक्षा पुष्कळ लांबविले.

वर्गात पंधरा मुले होती. त्यांतील एकाने आम्हांला ती चिठ्ठी खिशात घालताना पाहिले असणार. तो कोण, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात पेटीत तीनच चिठ्ठ्या निघाल्या. ते अक्षर त्यांत नव्हते. पुढे कधीही आले नाही.

इतकी वर्षे शास्त्र शिकवूनही त्या दिवशी उत्तर सुचले नाही, असे नव्हे. उत्तरे पुष्कळ सुचली. पण त्यांतले एकही त्या मुलाच्या तोंडाकडे पाहून देण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. हा लेख म्हणजे त्या चिठ्ठीचे उशिरा दिलेले उत्तर होय. आमच्यासारखी चिठ्ठी खिशात घालणारे शिक्षक, पाळक आणि आईबाप इतरत्रही असतील, म्हणून ते येथे सर्वांसमोर देत आहो.

तो प्रश्न त्याच महिन्यात का आला, हे समजणे कठीण नाही. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला होता. घराघरांत टीव्हीवर तीच चर्चा चालली होती, आणि जेवताना वडीलमाणसे आपापली मते देत होती. आपण काय बोललो हे मोठ्यांना आठवत नाही. ताटावर मान घालून बसलेल्या मुलाला मात्र ते शब्दाला शब्द आठवते.

म्हणून कायद्याची हकिगत अगोदर सांगतो, कारण तिच्याविषयी आपल्या लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. इंग्लंडात आठव्या हेन्री राजाच्या वेळी, १५३३ साली, अशा संबंधांस देहान्त शिक्षा ठरविणारा कायदा झाला. त्याच परंपरेतून १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ३७७ वे कलम आले आणि १ जानेवारी १८६२ पासून ते लागू झाले. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. दोन सज्ञान माणसे आपखुशीने एकत्र राहिली तरी हे कलम त्यांच्या डोक्यावर टांगलेले असे. फार खटले झाले नसतील. पण पोलिसाने धमकी देऊन पैसे उकळावेत, शेजाऱ्याने भीती घालावी, एवढ्याला ते पुरेसे होते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञानांच्या संमतीने होणारे खाजगी संबंध या कलमातून वगळले. त्याविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे संबंध हा गुन्हा नव्हे. त्या पाचांतील न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले की, या लोकांना आणि त्यांच्या कुटुंबांना जे सोसावे लागले त्याबद्दल इतिहासाने त्यांची क्षमा मागावयास हवी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ते कलमच नाही. मुलांवरील अत्याचार मात्र पूर्वीप्रमाणेच घोर गुन्हा आहे, आणि त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. या दोन गोष्टींची आपले लोक सरमिसळ करतात. जो आपल्या बरोबरीच्या सज्ञान माणसावर प्रेम करतो त्याला मुले नासविणारा म्हणणे ही खोटी साक्ष आहे, आणि खोटी साक्ष देऊ नये ही दहा आज्ञांतील एक आज्ञा आहे.

आता कोणी म्हणेल, सरकारने गुन्हा नाही म्हटले म्हणून पाप नाही असे कसे होईल? प्रश्न रास्त आहे. पण तो उलटूनही विचारता येतो. आपण एखादी गोष्ट पाप मानतो, म्हणून तिच्यासाठी माणसाला तुरुंगात घालावे काय? हा भेद परकीयांनी आपल्याला शिकवावा असे नाही, तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या देशातून ते कलम आपल्याकडे आले त्या इंग्लंडात १९५७ साली वोल्फेन्डेन समितीने ते काढावे असे सुचविले, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांनी पाप आणि गुन्हा यांतील भेद मान्य केला. त्यांच्या मागून आलेले आर्चबिशप रॅम्से यांनी १९६५ साली सरदारांच्या सभागृहात सुधारणेच्या बाजूने भाषण केले. दोघांनीही ते कृत्य पाप मानण्याचे सोडले नव्हते. तरीही माणसाला त्यासाठी बेड्या घालू नयेत, असे त्यांना ख्रिस्ती या नात्याने वाटले. १९६७ साली तेथील कायदा बदलला. आपल्याकडे त्यानंतर एक्कावन्न वर्षे लागली, आणि त्या लांबणीत काही हात आपलेही होते.

योहानाच्या आठव्या अध्यायातील ती स्त्री आठवा. तिला ओढून आणणाऱ्यांच्या हाती दगड होते आणि तोंडी नियमशास्त्र होते. प्रभूने तिला पुढे पाप करू नको असे सांगितले, हे आपण नेहमी शिकवितो, आणि ते खरे आहे. पण ते त्याने केव्हा सांगितले? एकूण एक माणूस निघून गेल्यावर, दगड मारणारा कोणी उरला नाही तेव्हा. दगड उगारलेला असताना केलेला उपदेश हा उपदेश नसतो, ती शिक्षेची पहिली पायरी असते.

२०२३ चा निकाल वेगळ्या गोष्टीविषयी होता. हैदराबादचे सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग हे त्यातील पहिले अर्जदार. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आमच्या विवाहाची नोंद व्हावी, अशी त्यांची मागणी होती. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि तो कायदा नव्याने लिहिणे हे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता द्यावी काय, यावर मात्र दोघे एका बाजूला आणि तिघे दुसऱ्या बाजूला राहिले, आणि मान्यता मिळाली नाही. निकालाचा फेरविचार करावा हे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

त्या दिवसांत आमच्या मंडळीत एक भीती ऐकू येत होती, की आता पाळकसाहेबांना वेदीपुढे असे विवाह लावावे लागतील. ही भीती निराधार होती. सुनावणीच्या आरंभीच न्यायालयाने सांगितले होते की व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही. आपले विवाह ज्याखाली लागतात तो १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा तेथे विचारातच नव्हता. मंडळीने कोणता विवाह आशीर्वादित करावा, हे मंडळीच्या हाती होते आणि आजही आहे.

मग त्या जोडप्यांना हवे होते तरी काय? साध्या गोष्टी. एकाला दवाखान्यात नेले तर दुसऱ्याला कागदावर सही करता यावी. बँकेत दोघांचे खाते असावे. शिधापत्रिकेवर एकाच घरची माणसे म्हणून नाव लागावे. एक मेला तर दुसऱ्याला त्याचा देह मागता यावा. निकालानंतर केंद्र सरकारने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०२४ साली संयुक्त खाते, शिधापत्रिका आणि जवळचे नातेवाईक नसल्यास देह ताब्यात घेणे, यांविषयी सूचना निघाल्या. वाचकहो, ज्या मंडळीने दुष्काळात आणि प्लेगात, ज्यांना कोणी हात लावीना अशांची प्रेते पुरली, त्या मंडळीला शेवटच्या गोष्टीचे तरी मोल कळावे. एका माणसाने दुसऱ्याला मूठमाती द्यावी, यात आपले काय हिरावले जाते?

आता त्या चिठ्ठीतील दुसऱ्या वाक्याकडे येतो. मी पुष्कळ प्रार्थना केली, तरी ते जात नाही, असे त्या मुलाने लिहिले होते. आपल्या लोकांचा पहिला विचार हाच असतो की हा रोग आहे, किंवा भूत आहे, आणि ते घालविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी ओढीचे नाव रोगांच्या यादीतून काढले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा रोग नव्हे, असे २०१८ साली जाहीरपणे सांगितले. ती ओढ 'बरी' करून देतो म्हणणारा डॉक्टर व्यवसायाला न शोभणारे वर्तन करतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरविले. असे असता उपास-प्रार्थनेच्या सभेत मुलाला मध्ये बसवून, डोके दाबून, त्याच्यातून दुरात्मा निघावा म्हणून तासन् तास ओरडणे हे कोणत्या आरोग्यासाठी? मुलगा शेवटी थकून म्हणतो, गेले. आपण हालेलूया म्हणतो. तो घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडतो, आणि त्याला वाटते की देवानेही आपल्याला टाकले.

दुसरा उपाय आपल्याकडे फार चालतो. लग्न लावून द्या, आपोआप सरळ होईल! या उपायात कोणाच्या तरी मुलीचे आयुष्य औषध म्हणून वापरले जाते. तिला कोणी विचारीत नाही. वर्ष-दोन वर्षांनी ती माहेरी परत येते, आणि दोष तिच्यातच काही असेल असे बोलले जाते. आपल्यातील जे वडील अशी लग्ने जुळवितात, त्यांनी त्या मुलीचे उत्तर देवापुढे द्यावयाचे आहे, हे विसरू नये.

येथे एका न्यायाधीशाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचा अर्ज आला. घरच्यांच्या त्रासामुळे त्या पळून आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी उघडपणे सांगितले की या विषयाचे आपल्याला पुरेसे ज्ञान नाही, आणि निकाल देण्यापूर्वी ते स्वतः एका मानसतज्ज्ञाकडे शिकावयास बसले. मग त्यांनी जो आदेश दिला, त्यात अशी ओढ औषधोपचाराने बदलण्याच्या प्रयत्नांस मनाई केली. हातात कायद्याचे सर्व बळ असलेला माणूस म्हणतो, मला ठाऊक नाही, मला शिकवा. आणि आम्ही एका मुलाची चिठ्ठी खिशात घातली.

शास्त्र काय म्हणते? ही ओळ वाचकांच्या मनात केव्हाची उभी असेल. लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, ही स्थळे आपल्याला माहीत आहेत. त्यांवर आज ख्रिस्ती मंडळ्यांत दोन मते आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पहिल्या मताचे लोक म्हणतात की उत्पत्तीच्या आरंभापासून प्रभूच्या मत्तय १९ मधील वचनापर्यंत विवाह हा स्त्री-पुरुषांचाच आहे. ज्याला तशी ओढ नाही त्याने एकटे राहून प्रभूची सेवा करावी. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की त्या वचनांपुढे बळजबरीचे, मूर्तिपूजेतले आणि वासनेचे व्यवहार होते. दोन माणसांनी एकनिष्ठेने जन्मभर साथ द्यावी, हा प्रश्न त्या लेखकांपुढे नव्हता.

ज्या मिशनांनी आपल्या बापजाद्यांना शुभवर्तमान दिले, त्यांच्या मातृमंडळ्याही यावर ढवळून निघाल्या आहेत. अहमदनगरला ज्यांचे मिशनरी आले त्या काँग्रिगेशनल मंडळ्यांची वारस असलेल्या अमेरिकन मंडळीने २००५ साली अशा विवाहांना पाठिंबा दिला. स्कॉटलंडच्या मंडळीने २०२२ साली आपल्या ज्या पाळकांची इच्छा असेल त्यांना ते लावण्याची मोकळीक दिली. अमेरिकेच्या युनायटेड मेथडिस्ट मंडळीने २०२४ साली जुनी बंदी उठविली. पण त्याअगोदरच्या काही वर्षांत तेथील सुमारे ७,६०० स्थानिक मंडळ्या तिच्यातून बाहेर पडल्या होत्या. त्यांचे निर्णय आपल्यावर बंधनकारक नाहीत. आम्ही स्वतः पहिल्या मतात वाढलो. दुसऱ्या मताच्या बंधुभगिनींचे म्हणणे आज आम्ही पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक लक्ष देऊन ऐकतो. एका लेखाने हा वाद मिटणार नाही.

पण काही गोष्टींत वाद नाही. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमाचे पाप म्हणून जे सांगितले आहे ते वाचून पाहा: गर्व, भरलेले पोट, निश्चिंतपणा आणि गरिबाला हात न देणे. रोमकरांच्या पहिल्या अध्यायात पौल इतरांची पापे मोजून दाखवितो, आणि वाचणारा मान डोलावू लागतो न लागतो तोच दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो बोट वाचणाऱ्याकडे वळवितो. करिंथकरांच्या त्या यादीत लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारेही आहेत. लोभी माणसाला आपण मंडळीच्या कमिटीतून कधी काढले? निंदा करणाऱ्यांना बाकावर बसू देऊ नये म्हटले, तर उपासनेला किती बाके भरतील? एकाच यादीतील एक ओळ दगडावर कोरावयाची आणि बाकीच्या पाण्यावर लिहावयाच्या, हे शास्त्रावर विश्वास ठेवणे नव्हे.

आता आपल्या पाठाकडे वळू. यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या रानवाटेने एक कूशी अधिकारी आपल्या रथात बसून चालला आहे. कांदके राणीचा सारा खजिना त्याच्या हाती, मोठा माणूस. पण तो षंढ आहे. हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. आमच्या हैदराबादच्या वाचकांना तर ठाऊक असेल, की निजामाच्या अमदानीतील १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ सालचा, एक कायदा याच शब्दाखाली माणसांची नोंदवही ठेवी. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो जुलै २०२३ मध्ये रद्द केला. षंढ आणि समलिंगी माणूस हे एकच नव्हेत, आणि पाठाला जे म्हणावयाचे नाही ते त्याच्याकडून वदवून घेण्याची आमची इच्छा नाही. पण देहाच्या एका गोष्टीमुळे देवाच्या मंडळीच्या दारावर अडविला गेलेला माणूस या पाठात आहे, हे निश्चित. अनुवाद २३:१ मध्ये त्याला मंडळीत येण्याची मनाई लिहिलेली होती.

तरी तो भजन करावयास इतक्या दूरवर आला होता. यरुशलेमेत त्याचे स्वागत कसे झाले, हे लूक सांगत नाही. आता तो परत चालला आहे, आणि चालता चालता यशया वाचीत आहे. तो ५३ व्या अध्यायावर आहे. ज्याला तुच्छ मानले, ज्याच्यापासून लोकांनी तोंड फिरविले, त्या सेवकाविषयी वाचतो आहे. हा कोणाविषयी बोलतो आहे, असे तो विचारतो. तोंड फिरविणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. आणि त्याच गुंडाळीत, केवळ तीन अध्याय पुढे, ५६ व्या अध्यायात, देव षंढांना नाव घेऊन सांगतो की आपण वाळलेले झाड आहो असे तुम्ही म्हणू नका. माझ्या घरात तुम्हांला मुलामुलींहूनही उत्तम असे नाव मिळेल. ज्या शास्त्रात मनाई होती, त्याच शास्त्रात हे वचन होते.

फिलिप्पाने काय केले, ते पायरीपायरीने पाहा. आत्म्याने त्याला सांगितले, रथाजवळ जा. तो धावला. धावत जाऊन त्याने पहिल्यांदा ऐकले, हा माणूस काय वाचतो आहे ते. मग प्रश्न विचारला. मग बोलावणे आल्यावर वर चढून त्याच्याशेजारी बसला. आणि त्या माणसाने जेथे बोट ठेवले होते, तेथूनच येशूविषयी सांगावयास आरंभ केला. अनुवादाच्या २३ व्या अध्यायापासून नव्हे!

पुढे पाणी दिसले आणि त्या अधिकाऱ्याने विचारले की आता मला बाप्तिस्मा घेण्यास आडवे काय येते? फिलिप्पाजवळ उत्तर होते. नियमशास्त्रात ते लिहिलेले होते, आणि यरुशलेमेतील वडिलांची समिती बोलावून विचारू, असेही त्याला म्हणता आले असते. दोघे पाण्यात उतरले. अडचण त्या माणसाची नव्हतीच. अडचण असली तर फिलिप्पाची होती, आणि फिलिप्पाने ती पाण्याबाहेर ठेविली.

आमच्या मंडळीत एक वयस्कर बाई आहेत, सर्व त्यांना मावशी म्हणतात. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीस असतो आणि आपल्या एका मित्राबरोबर राहतो. बोलणारे बोलत असत. गेल्या काही वर्षांतील एका नाताळाला मावशींनी दोघांनाही घरी बोलाविले, आणि सकाळी दोघांना दोन बाजूंना घेऊन उपासनेस आल्या. नाताळाची गर्दी, पाय ठेवावयास जागा नव्हती. पुढे काही दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो असता भीत भीत विचारले, "मावशी, हे तुम्ही कोणाला विचारून केलंत?"

त्या करंज्यांचा डबा पुढे सरकवीत म्हणाल्या, "मास्तर, माझ्या पोराला माझ्या दारात घ्यायला मी कोणाला विचारू? तुम्ही शास्त्र सांगता, ते मी ऐकते. त्याचं आणि देवाचं काय ते देव बघेल. पण ते उपाशी राहिलं तर देव मला विचारेल." मग थोडे हसून म्हणाल्या, "त्या दिवशी चर्च भरलं होतं ना? आमच्या बाकावर मात्र जागा भरपूर होती हो."

त्या बाकामागे दोन ओळी सोडून आम्ही उभे होतो. आम्हांला बसावयास जागा मिळाली नव्हती.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्यापुढे अशी चिठ्ठी येईल, किंवा वर्ग सुटल्यावर एखादा मुलगा, एखादी मुलगी उगाच रेंगाळत उभी राहील. तेव्हा आम्ही जे शिकलो ते सांगतो. चिठ्ठी खिशात घालू नका. तुमच्याजवळ पूर्ण उत्तर नसेल तर नाही म्हणा. देव तुझ्यावर प्रीती करतो आणि मी तुझ्याबरोबर आहे, एवढे म्हणावयास पूर्ण उत्तर लागत नाही. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून कोणाला सांगू नका. आईबापांनाही नाही, कमिटीलाही नाही. प्रार्थनेचा विषय म्हणून तर मुळीच नाही, कारण आपल्याकडे पुष्कळ चहाड्या प्रार्थनेची वस्त्रे घालून फिरतात. त्याच्या बोलण्यात जीव देण्याची गोष्ट आली तर मात्र एकटे राहू नका, त्यालाही एकटे सोडू नका. त्याला सांगून, त्याच्याबरोबर चालत, जाणत्या डॉक्टरकडे जा. वर्गात कोणी चालण्यावरून, आवाजावरून दुसऱ्याला चिडविले, तर शिवीला जसे थांबविता तसे थांबवा. आणि थट्टेत हसू नका. तुमचे हसणे तो मुलगा मोजीत असतो.

आईबापांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. उधळ्या पुत्राचा दाखला आपण नेहमी पुत्रासाठी सांगतो. पण या घरांत पुष्कळदा पुत्राने काही उधळलेले नसते. त्याला घालवून देणारे घरच असते. तेव्हा वाटेकडे डोळे लावून कोणी बसावयाचे, आणि धावत कोणी जावयाचे, हे बापानेच ठरवावे.

ती चिठ्ठी अजून आमच्या पवित्र शास्त्रात आहे, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात ठेवलेली. घडीवर कागद फाटू लागला आहे. ज्याने ती लिहिली तो आता कॉलेजात असेल, कदाचित दुसऱ्या गावी असेल, कदाचित कोठल्याच मंडळीत जात नसेल. हे मासिक त्याच्या घरी येत असेल आणि त्याची आई उशापाशी ठेवीत असेल, एवढ्या आशेवर लिहितो.

बाळा, तू विचारले होतेस की देव मला आपल्या मंडळीत ठेवील काय. होय, ठेवील. त्याने तुला केव्हाच ठेविले आहे. तुझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी पाण्यात काही अडचण नव्हती. अडचण आमची होती. त्या रविवारी तुझ्या डोळ्यांदेखत आम्ही जे केले त्याची क्षमा कर. आमच्या बाकावर जागा आहे, आणि या वेळी आम्ही सरकून बसू.

हे प्रभू, जे तुझ्या दारापर्यंत येऊन आम्हांला पाहून परत गेले, त्यांना तू वाटेत गाठ. आणि आम्हांला धावावयास शिकव. आमेन.